उत्तर देऊ नका

मजकूर मी लिहिते.
ॲडलेडमध्ये, इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर,
चिप्सच्या यंत्राला लागून असलेल्या टेबलावर.
एकशे साठ अक्षरांत मावेल तेवढीच माया,
मध्ये नावासाठी सोडलेली जागा,
आणि तळाशी वकिलांनी दिलेलं वाक्य :
या नंबरवर उत्तर देऊ नका. इथे कोणी वाचत नाही.

पोर्ट लिंकनचा व्येको बुलिच उत्तरं द्यायचा.
वय एकाहत्तर. ट्यूनाच्या बोटींवर चाळीस वर्षं.
मनगटातून तार सरकवत नेऊन बसवलेले दोन स्टेंट.
पहिल्या सकाळी मी, म्हणजे यंत्रानं, विचारलं,
‘सुप्रभात व्येको, आजपासून मीठ कमी करूया का?’
त्यानं लिहिलं,
‘जन्मभर ज्याचं मीठ खाल्लं
तो खिडकीतून बघतोय.
त्याला काय सांगू?’

मी तेव्हा चिप्स खात होते.
बोटं पुसली.

उत्तरं एका तक्त्यात साठत.
तो उघडणं कोणाच्याच कामात बसत नव्हतं.
जेवणाच्या सुट्टीत मी उघडायचे,
शेजारणीचं पत्र उघडावं तशी,
दाराकडे एक डोळा ठेवून.

रोज थोडं चाला.
‘किनाऱ्यावरचे सात पाइन मोजले.
आठव्याला टेकून उभा राहिलो. तो काही बोलला नाही.’

गोळ्या विसरू नका.
‘नेव्हेन्काच्या शिवणाच्या डबीत ठेवल्यात.
काल एक बटण गिळता गिळता राहिलो.
ती असती तर हसून हसून तिलाच झटका आला असता.’

आज कोणाशी तरी मनमोकळं बोला.
‘बोलतोय की.’

ऑगस्टमध्ये प्रणाली बिघडली.
तीनशे बारा जणांना नाव न भरताच गेलं :
सुप्रभात, स्वल्पविराम, आज कसं वाटतंय?
कोणाच्या लक्षात आलं नाही. त्याच्या आलं.
‘माझं नाव आज पाण्यात पडलं वाटतं.
होतं असं. आमचा श्टिपे पडला होता, शहाऐंशी साली,
जाळं ओढताना, एकोणीस वर्षांचा.
त्याचं नाव मी धक्क्याच्या टोकाला जाऊन घेतो.
जाऊन येऊन दोन किलोमीटर होतात,
तेवढं डॉक्टरांना कळव.’

आणि मग तो मंगळवार.
तक्ता उघडला तेव्हा बारा चाळीस झाले होते.
त्याचा निरोप पहाटे तीन दहाचा :
‘छातीवर कोणीतरी येऊन बसलंय. उठत नाही.’
त्याच्याखाली काही नाही.

साडेनऊ तास
तो या नंबरवर होता,
जिथे कोणी वाचत नाही.

नियमात नव्हतं, तरी फोन लावला.
आठ वेळा वाजला. आठही मोजल्या.
नवव्याला कोणीतरी खोकलं.
मला काहीच सुचेना,
सहा महिने जे लिहीत आले तेच तोंडून निघालं,
‘सुप्रभात व्येको.’
तिकडे नर्सच्या ट्रॉलीची चाकं करकरली.
‘दुपार झाली, बाई,’ तो म्हणाला.
‘तूच लिहिलं होतंस ना चौथ्या आठवड्यात,
दहा मिनिटांत दुखणं थांबलं नाही तर तीन शून्य दाबा.
दाबले की.
पण आधी तुला कळवलं.’

मी अर्ज केला : तळाचं वाक्य बदला,
कोणीतरी वाचतंय असं करा.
समिती बसली. नोव्हेंबरात निर्णय आला.
वाचणाऱ्या माणसासाठी पैसे नाहीत,
पण वाक्य स्पष्ट करता येईल :
तातडीच्या वेळी या नंबरवर विसंबू नका.
म्हणजे चाळीस अक्षरं आणखी गेली.
मायेला आता जेमतेम सत्तर उरतात.

त्याचा कार्यक्रम पुन्हा पहिल्या आठवड्यापासून सुरू झालाय.
तिसरा स्टेंट.
मिठाचा मजकूर मी नव्यानं लिहिला, आखूड.
आज त्याचं उत्तर आलं :
‘फार थोडक्यात बोलतेस हल्ली.
जेवतेस ना वेळेवर?’